छताखालचे अस्तर आणि पत्र्याचा गंज

पेडणे तालुक्यात हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर एखाद्या घराने कौले उतरवून पत्रे चढविले, की उन्हाळ्यात आतली माणसे भाजून निघतात. मग पत्र्याखाली काचतंतूंचे किंवा खनिज लोकरीचे अस्तर घातले जाते. उष्मा अडतो, परंतु काही पावसाळ्यांनंतर पत्रा आतून गंजलेला निघाला, तर दोष समुद्राचा की अस्तराचा?

कोरडे अस्तर धातूस सहसा बाधत नाही. ते भिजले म्हणजे त्यातील क्षार पाण्यात उतरतात आणि गंजाला वाट मिळते. शिवाय उघडा पत्रा वाऱ्याने सुकतो. अस्तराखालचा ओलाच राहतो.

अस्तराचा वाटा मोजण्याची एक प्रमाणित परीक्षा अमेरिकेत रूढ आहे. पोलाद, तांबे व ॲल्युमिनियम यांच्या स्वच्छ पट्ट्या अस्तराच्या दोन तुकड्यांत दाबून बांधतात. तशाच दुसऱ्या पट्ट्या निर्जंतुक कापसात. सर्व पट्ट्या ४९ अंश सेल्सिअस उष्णतेच्या व शेकडा ९५ आर्द्रतेच्या पेटीत राहतात: पोलाद ९६ तास, तांबे व ॲल्युमिनियम ७२० तास. खरा न्यायनिवाडा करतो तो कापूस! दमट हवेने त्यातील पट्टीही थोडी गंजते. त्याहून अधिक जो गंज, तेवढाच अस्तराच्या माथी.

कागदाच्या लगद्याच्या अस्तराची कसोटी याहून कडक आहे. ते पेटू नये म्हणून त्यात टाकणखार, बोरिक आम्ल, कधी अमोनियम सल्फेट मिसळतात. यांतील सल्फेट ओल मिळताच धातूवर उठते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर अशा मालास चौदा दिवसांची परीक्षा लागू झाली. ओल्या अस्तरातील पट्टीला आरपार छिद्र पडले, की माल नापास.

मात्र या परीक्षेत मिठाचा वारा नसतो. समुद्राचे मीठ किनाऱ्यावर बसते आणि आत जाताना झपाट्याने ओसरते. डिचोलीकडे, मये-साखळीच्या बाजूस, शत्रू मुख्यतः पावसाची आणि घामेजलेल्या पत्र्याची ओल. म्हणून तेथे टिकलेले अस्तर केरीच्या किनाऱ्यावर टिकेलच असे नव्हे. पेडण्यासाठी तपासणी करावयाची तर एक जोडी साध्या पाण्याने व दुसरी मिठाच्या पाण्याने भिजवावी, आणि छपराचे पत्रे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले असल्यामुळे तशी एक पट्टीही ठेवावी. कापसातील पट्टी दोन्हीकडे हवी. ती नसली तर गंज दिसेल, गुन्हेगार दिसणार नाही.