चार ट्रॅकची कॅसेट

साध्या कॅसेटमधली फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते. स्टिरिओ कॅसेटमध्ये एवढ्याशा रुंदीवर चार पट्टे, म्हणजे ट्रॅक, असतात. ‘ए’ बाजू वाजताना त्यातले दोन वाजतात, डावा आणि उजवा. कॅसेट उलटली की उरलेले दोन. 1979 साली जपानच्या टीॲक कंपनीने हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचं ठरवलं, शेजारी एक छोटा मिक्सर बसवला आणि यंत्राला नाव दिलं ‘पोर्टास्टुडिओ 144’. कॅसेटवर चालणारा हा पहिला चार-ट्रॅक रेकॉर्डर.

चार हा आकडा ऐकून हसू येईल. पण 1967 साली बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम लंडनच्या ॲबी रोडवर चार ट्रॅकच्याच यंत्रांवर झाला होता. तिथे फीत एक इंच रुंद होती, काचेपलीकडे इंजिनिअर बसत आणि खर्च कंपनी सोसत असे. टीॲकने तेच काम घरातल्या टेबलावर आणलं. त्यासाठी फितीचा वेग दुप्पट केला, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर. प्रत्येक सेकंदाला फीत जास्त मिळाली, की वरचे सूर स्पष्ट उमटतात आणि खरखर कमी होते. बदल्यात वेळ जातो. साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं मावतात, आणि ती उलटून वापरायची सोय नाही. अशी कॅसेट नेहमीच्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली तर गंमत होते. एका बाजूला पहिले दोन ट्रॅक निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली रेंगाळत वाजतात. दुसऱ्या बाजूला उरलेले दोन उलटे.

आता पहिलं रेकॉर्डिंग. समजा, गिटार आणि गाणं, दोनच गोष्टी. क्रोम फितीची कोरी कॅसेट घ्या. सुरुवातीचे काही सेकंद पुढे जाऊ द्या, कारण तिथे चुंबकीय लेप नसलेला तुकडा असतो. माईक पहिल्या चॅनेलला जोडा, तो चॅनेल पहिल्या ट्रॅककडे वळवा आणि फक्त त्याच ट्रॅकचं रेकॉर्ड बटण तयार ठेवा. मग गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग वाजवून पाहा. मीटरचा काटा शून्याच्या आसपास नाचला पाहिजे. लाल पट्ट्यात क्वचित शिरला तरी हरकत नाही, तिथे मुक्काम नको. लेव्हल भीत भीत खाली ठेवली, तर पुढे आवाज वाढवताना खरखरही वाढते.

पहिल्या ट्रॅकवर काय भरायचं, हा या यंत्रावरचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. हौशी माणूस गाण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याला गायचं असतं. माझं मत उलट आहे: ज्यात लय आहे ते आधी. नंतर येणारा प्रत्येक आवाज पहिल्या ट्रॅकच्या आधारावर उभा राहणार. तबल्याचा रियाज करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लेहराच, म्हणजे साथीला फिरत राहणारी धूनच, घसरली तर वरचे कायदे कितीही सफाईदार असोत, समेवर भांडण होणारच. सुरुवातीला तोंडाने चार मात्रा मोजून त्याही फितीवर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुठे उचलायचं ते कळतं.

मग फीत मागे न्या, पहिल्या ट्रॅकचं रेकॉर्ड बंद करा, दुसऱ्याचं चालू करा, आणि हेडफोन लावा. स्पीकर चालू ठेवला तर गिटार पुन्हा माईकमध्ये शिरते आणि गाण्याच्या ट्रॅकवर तिची पुसट सावली कायमची बसते. रेकॉर्डिंगचं आणि ऐकवण्याचं काम इथे फितीला टेकणारं एकच चुंबकीय हेड करतं, म्हणून ऐकलेली गिटार आणि गायलेला शब्द फितीवर नेमके शेजारी पडतात. रील टेपच्या यंत्रांत ही दोन हेड वेगळी असत आणि त्यांच्यातल्या अंतरामुळे नवा आवाज मागे पडे. अँपेक्स कंपनीने रेकॉर्डिंग हेडमधूनच जुना ट्रॅक ऐकवायची युक्ती काढली, तेव्हा कुठे पन्नाशीच्या दशकात ही अडचण सुटली. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलच्या घरी 1957 साली आलेलं आठ ट्रॅकचं अवाढव्य यंत्र त्याच युक्तीवर चालत होतं.

चार ट्रॅक पुरले नाहीत तर? तीन भरा, त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवा आणि ते तीन पुसून पुन्हा वापरा. याला बाउन्स म्हणतात. इथेच हे यंत्र माणसाची परीक्षा बघतं. ढोलक, बास आणि गिटार एकदा एकत्र झाले की बास थोडा जास्तच झालाय हे उद्या लक्षात येऊन उपयोग नाही. मूळ ट्रॅक पुसले गेलेत. शिवाय प्रत्येक उतरवणीत खरखर वाढते ती वेगळीच. संगणकावर हवे तितके ट्रॅक मिळतात आणि निर्णय हवा तितका पुढे ढकलता येतो. त्यामुळे कित्येकांची गाणी ‘जवळजवळ झालंय’ या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून असतात.

या मर्यादांतून काय निघू शकतं, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. त्याने जानेवारी 1982 मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात हेच 144 मांडलं. बहुतेक गाण्यांची बेतशीर मांडणी: गाणं आणि गिटार एकत्र, मग उरलेल्या ट्रॅकवर हार्मोनिका, जोडीचा आवाज, असं काहीबाही. मिश्रण एका पॅनासॉनिक बूमबॉक्सवर उतरवलं. हेतू एवढाच, की बँडला चाली कळाव्यात. ती कॅसेट तो डबीशिवाय खिशात घालून हिंडत होता. पुढे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पूर्ण बँडसह तीच गाणी वाजवून पाहिली, पण काही केल्या ती कॅसेटसारखी लागेनात. शेवटी कॅसेटच तबकडीवर चढवायची ठरली, आणि मग तंत्रज्ञांची धांदल उडाली. त्या कमजोर आवाजावरून नीट तबकडी कापली जाईना. अनेक खटपटींनंतर ती निघाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली, खरखरीसकट.