पाच रुपयांतले भाभा

परवा कॉलेजमागच्या अमृततुल्यमध्ये ऐन गर्दीत नेट गेलं. क्यूआर कोडसमोर आम्ही तिघे फोन हलवत उभे. काउंटरवरचे काका शांतपणे म्हणाले, ‘‘नोटा नावाचीपण एक गोष्ट असते.’’ शेवटी एकाच्या पाकिटात पन्नासची नोट सापडली, तीन चहा झाले आणि परत आलं पाच रुपयांचं एक काळपटलेलं नाणं. त्यावर कुणाचा तरी चेहरा होता. तिघेही इंजिनिअरिंगचे, पण एकालाही ओळखता येईना. कडेला नाव होतं म्हणून लाज वाचली. डॉ. होमी भाभा, जन्मशताब्दी वर्ष 2008-2009.

आपल्याकडे स्मारक नाणी 1964 पासून निघतात. पहिलं नेहरूंचं. तेव्हापासून नेते, संत, संस्था, शतकं, अर्धशतकं असं बरंच काही नाण्यांवर येऊन गेलं. रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, 2003 मध्ये, दोन रुपयांच्या नाण्यावर हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती आला होता. तो अनेकांनी लहानपणी जपून ठेवलेला असतो. विज्ञानाच्या वाट्याला मात्र ही नाणी बेताचीच आली. भाभा आले, 2018 मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आले आणि ऑगस्ट 2025 मध्ये एम. एस. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीचं शंभर रुपयांचं नाणं आलं.

यातलं स्वामिनाथन यांचं नाणं तुम्हाला चहाच्या सुट्ट्यांमध्ये कधीच मिळणार नाही. शंभर रुपयांची नाणी व्यवहारासाठी नसतातच. सरकारी टांकसाळ ती छान डबीत घालून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट पैसे घेऊन संग्राहकांना विकते. ज्या माणसाने गहू सगळ्यांच्या ताटात पोचवला, त्याचं नाणं मखमली डबीत. मला हे जरा विचित्र वाटतं.

अमेरिकेत 2018 पासून ‘अमेरिकन इनोव्हेशन’ नावाची एक डॉलरच्या नाण्यांची मालिका चालू आहे. प्रत्येक राज्याचं एक नाणं, वर्षाला चार, 2032 पर्यंत. त्यात वाचण्यासारखी गोष्ट म्हणजे कोणत्या राज्याने काय निवडलं. मॅसॅच्युसेट्सने टेलिफोन, पेनसिल्व्हेनियाने पोलिओची लस, मिशिगनने मोटारींची असेंब्ली लाइन. व्हरमाँटने चक्क स्नोबोर्डिंग. न्यू हॅम्पशायरने घरी खेळायचा पहिला व्हिडीओ गेम निवडला आणि नाणंच आर्केडमधल्या टोकनसारखं केलं! काही नाण्यांवर माणसं आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्या माणसांनी केलेली वस्तू आहे. (ही नाणीसुद्धा डबीतच जातात, तेव्हा त्यांचं फार कौतुक नको.)

2026 च्या यादीत विस्कॉन्सिनने निवडलाय ‘क्रे-1’ हा महासंगणक. हे वाचून मी पुण्यातच येऊन थांबलो. कारण 1980 च्या दशकात भारताला हवा असलेला क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला होता. त्यानंतर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. एकच अवाढव्य, महागडा प्रोसेसर करण्याऐवजी पुष्कळ छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून त्यांच्याकडून काम वाटून घ्यायचं, ही त्यामागची युक्ती. म्हणजे क्रेचं नाणं अमेरिकेत निघतंय आणि त्या क्रेला उत्तर देणारं यंत्र आपल्या गावात झालं. विद्यापीठ रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता पुन्हा त्या पाच रुपयांकडे. त्यावर भाभांचा फक्त चेहरा आहे. त्यांनी काय केलं, ते नाणं सांगत नाही. ‘अणुशक्ती’ एवढं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण 1962 च्या जानेवारीत याच माणसाने तारेने बोलावणं धाडलं आणि परदेशात काम करणाऱ्या तरुण भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना टीआयएफआरमध्ये या म्हणून सांगितलं. त्यातले गोविंद स्वरूप 1963 मध्ये अमेरिकेतून परत आले. आधी उटीची दुर्बीण उभी राहिली आणि मग आपल्या नारायणगावजवळ, खोडदला, जीएमआरटी. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या.

एवढ्या मोठ्या डिश भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन आणि खर्च दोन्ही झेपलं नसतं, शिवाय वाऱ्याने हाल केले असते ते वेगळेच. म्हणून स्टीलच्या दोऱ्या ताणून त्यावर बारीक तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, पण ज्या लांब लहरी पकडायच्या आहेत त्यांना ती जाळी आरशासारखीच वाटते. स्वस्तातली आणि अफाट हुशारीची कल्पना. 2020 मध्ये आयईईईने जीएमआरटीला ‘माइलस्टोन’चा मान दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वरूप पुण्यात गेले.

मला विचाराल तर पुढचं पाच रुपयांचं नाणं हेच हवं. चेहरा नको, ती जाळीची डिश. गोल नाण्यावर गोल डिश, डिझाइनरचं कामही सोपं. आणि आपल्या चलनाला हे नवीन नाही. जुन्या दोन रुपयांच्या नोटेच्या मागे आर्यभट उपग्रह होता, पाचच्या नोटेवर ट्रॅक्टर होता. दोन हजारच्या नोटेवर मंगळयान आलं खरं, पण ती नोटच 2023 मध्ये मागे घेतली!

दुसरा उमेदवारही पुण्याचाच आहे. आजच्या सीओईपीत शिकलेले विश्वेश्वरय्या यांनी पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले आणि ते 1903 मध्ये खडकवासल्याला बसले. तिथे बघायला गेलात तर निराश व्हाल, कारण 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात ते जुनं धरणच फुटलं. डिश अजून खोडदला जाऊन बघता येते. या दरवाज्यांसाठी मात्र नाणं हवंच.

तोवर हातात येईल ते नाणं उलटून बघायला हरकत नाही. सालाखाली हिऱ्याच्या आकाराचा ठिपका असला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असली तर हैदराबादचं, गोल ठिपका नोएडाचा आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. चहा येईपर्यंतचा वेळ बरा जातो.

भाभांचं नाणं ठेवून दे, पुढे भाव येईल, असं मित्र म्हणत होता. दोन दिवस पाकिटात ठेवलंही. मग एके सकाळी पीएमपीत कंडक्टरकाका ‘‘सुट्टे द्या, सुट्टे द्या’’ म्हणत आले आणि मी ते त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी न बघताच पिशवीत टाकलं आणि ते पुढच्या सीटकडे वळले.