मोजणी करणाऱ्या अळ्या व त्यांचें मूळ घर

पिकावर अळी दिसली कीं ती मारावी, एवढें ज्ञान पुष्कळांस पुरेसें वाटतें. परंतु अळी कोणत्या कुळांतील, तिचें मूळ घर कोणतें, आणि तें घर सोडून ती आपल्या शेतांत कां आली, ह्या तीन प्रश्नांचा निकाल लागल्यावांचून केलेला उपाय बहुधा अर्धवट राहतो. औषधाचा पैसा जातो, आणि पुढच्या हंगामांत तीच अळी दुपटीनें येते. ह्यास्तव पाठ उंचावून चालणाऱ्या अळ्यांच्या एका मोठ्या कुळाची माहिती शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. हें कुळ मुख्यत्वेंकरून उष्ण प्रदेशांतील अरण्यांत नांदणारें आहे. तें पिकाचें शत्रु कसें बनतें, ह्याचा एक मोठा दाखला आपल्याच देशांत, बंगालच्या उत्तर भागांतील चहाच्या मळ्यांत, घडून आला आहे.

१. नांव व ओळख

ह्या कुळास शास्त्रांत जें नांव आहे तें ग्रीक भाषेंतील असून त्याचा अर्थ ‘जमीन मोजणारे’ असा होतो. नांव यथार्थ आहे. मोजणीदार जसा साखळीचें एक टोंक रोंवून दुसरें पुढें नेतो, मग मागचें उचलून पुढच्याजवळ आणितो, तशी ही अळी चालते. पुढच्या पायांनीं फांदी धरावयाची, मागचा भाग ओढून पुढच्या पायांशीं आणावयाचा, त्या वेळीं पाठीची कमान करावयाची, आणि पुन्हां डोकें पुढें टाकावयाचें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली नकाशे व खातेवह्या ह्यांत गेलें असल्यामुळें ही चाल पाहून त्यास मोठें कौतुक वाटतें.

अशी चाल पडण्याचें कारण पायांत आहे. सामान्य अळीस छातीखालीं खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि पोटाखालीं मांसल पायांच्या पांच जोड्या असतात. मोजणाऱ्या अळीस पोटाखालच्या बहुधा दोनच जोड्या असतात, व त्या दोन्ही शेंपटाकडे. मधला भाग बिनपायांचा असल्यामुळें तो उचलूनच न्यावा लागतो.

२. खरी मोजणारी अळी व उंटअळी

येथें एक घोंटाळा नेहमीं होतो, तो दूर करणें अवश्य आहे. एरंडी, सोयाबीन, कपाशी व भात ह्यांवर जिला आपण उंटअळी म्हणतों, तीही पाठ उंचावून चालते. परंतु ती ह्या कुळांतील नव्हे. तिच्या पोटाखालीं पायांच्या तीन किंवा चार जोड्या असतात, म्हणून तिची कमानही तितकी उंच होत नाहीं. तिचे पतंग अंगानें जाड असून बसतांना पंख बहुधा छपरासारखे पाठीवर मिटून घेतात. खऱ्या मोजणाऱ्या अळीचे पतंग अंगानें बारीक असून पंख सपाट पसरून झाडाच्या सालीला किंवा पानाला चिकटून बसतात.

पाय मोजण्यास एक मिनिट पुरतें. अळी पानासह तळहातावर घ्यावी व शेंपटाकडून पोटाखालचे पाय मोजावे. दोनच जोड्या आढळल्या तर ती खरी मोजणारी. अधिक आढळल्या तर उंटअळी किंवा अन्य जात. सात-बाराच्या उताऱ्यावांचून जमिनीचा दावा चालत नाहीं, तसेंच पाय मोजल्यावांचून अळीवर औषधाचा खर्च करूं नये.

३. लपण्याची विद्या

ह्या अळ्यांस अंगावर केस किंवा कांटे फारसे नसतात. त्यांचें संरक्षण लपण्यांत आहे. धोका वाटला कीं अळी मागच्या पायांनीं फांदी धरून सर्व शरीर तिरकें ताठ उभें करिते आणि तासन् तास वाळक्या काडीसारखी निश्चल राहते. रंग सालीसारखा, अंगावर डोळ्यांसारखे उंचवटे. त्यामुळें पक्षी बाजूनें जातो तरी त्यास ती दिसत नाहीं. फांदी हलविली तर ती रेशमाच्या धाग्यावर खालीं लोंबते, आणि भय सरल्यावर त्याच धाग्यानें वर चढते. शेतकऱ्याच्या कामीं ही संवय पुढें उपयोगीं पडणार आहे, म्हणून ध्यानांत ठेवावी.

पतंग बहुधा रात्रीं उडतात. वटवाघुळाचा सूक्ष्म आवाज ऐकण्यासाठीं त्यांच्या पोटाच्या मुळाशीं कान असतात, आणि आवाज येतांच ते दिशा बदलतात. बहुतेक सर्व अळ्या पानें व फुलें खातात. मात्र हवाई बेटांवर ह्याच कुळांतील कांहीं जाती काडीसारख्या दबा धरून बसतात व अंगास स्पर्श करणारी माशी झटकन् पकडून खातात. एका कुळांत केवढा हा भेद!

४. वसतिस्थान

जगांत ह्या कुळाच्या सुमारें २३,००० जाती शास्त्रज्ञांनीं नोंदिल्या आहेत. हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील पतंगांचें पहिलें मोठें वर्णन हॅम्पसन ह्यानें सन १८९२ ते १८९६ ह्या काळांत चार भागांत प्रसिद्ध केलें. त्यांतील तिसऱ्या भागांत ह्या कुळाचा समावेश आहे.

उष्ण प्रदेशांतील दमट डोंगरउतार हें ह्यांचें खरें माहेर होय. दक्षिण अमेरिकेंत एक्वाडोर देशाच्या डोंगराळ अरण्यांत एका लहानशा टापूंत केलेल्या गणतींत १,००० हून अधिक जाती सांपडल्या. ती गणती सन २००५ मध्यें प्रसिद्ध झाली. ह्यांतील पुष्कळ जातींच्या अळ्या थोड्याच प्रकारच्या झाडांवर जगतात. अशा जातींचें झाड गेलें कीं त्या जाती जातात. म्हणूनच अरण्य कितपत शाबूत आहे हें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञ रात्रीं दिवा लावून ह्या पतंगांची मोजदाद करितात.

आपल्याकडे सह्याद्रीच्या रानांतही ह्या कुळाची वस्ती आहे. शेतानजीक पाहावयाचें तर बांधावरील बाभळीच्या जातीच्या झाडांवर, आणि आंब्याच्या कोंवळ्या पालवीवर व मोहोरावर, ह्यांच्या अळ्या आढळतात. आंब्यावरील अळी हिरवी व दोऱ्यासारखी बारीक असून तिचा पतंगही फिकट हिरवा असतो.

अरण्यांत ह्या अळ्यांनीं झाड साफ खाल्लें असें क्वचितच घडतें. तेथें झाडें मिश्र असतात, त्यामुळें खाण्याजोगें झाड पतंगास शोधावें लागतें. शिवाय पक्षी, कोळी, मुंग्या, अळीच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक माशा आणि रोगजंतु हे सर्व तिच्या मागें असतात. हा हिशेब जमाखर्चाप्रमाणें बरोबर जुळलेला असतो. तो बिघडला कीं काय होतें, हें पुढील उदाहरणावरून दिसेल.

५. डुआर्स येथील अनुभव

हिमालयाच्या पायथ्याशीं, भूतानच्या दक्षिणेस, डुआर्स नांवाचा जंगली पट्टा आहे. सन १८६५ च्या तहानें तो इंग्रजांकडे आला आणि सन १८७४ मध्यें गजलडोबा येथें तेथील पहिला चहाचा मळा निघाला. पुढें रान तोडून मळ्यांमागून मळे झाले. मिश्र अरण्याच्या जागीं मैलोगणती एकच झाड उभें राहिलें. वर सावलीसाठीं शिरिषाच्या जातीचीं झाडें तेवढीं ठेविलीं.

चहावर मोजणारी अळी पूर्वीपासून माहीत होती. ती बिस्टन सप्रेसारिया नांवाच्या पतंगाची. परंतु सन २००० नंतरच्या वर्षांत हायपोसिड्रा ह्या दुसऱ्या जातीनें तिला मागें टाकिलें. ह्या जातीची कोंवळी अळी काळी असून अंगावर पांढरे पट्टे असतात; मोठी झाल्यावर ती तपकिरी होते. पतंग करड्या तपकिरी रंगाचा, मादी नराहून मोठी, आणि पुढच्या पंखाचें टोंक आंकड्यासारखें वळलेलें. हा पतंग हिंदुस्थानापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत पसरलेला रानांतील जुना रहिवासी होय. खाण्याच्या बाबतींत तो चोखंदळ नाहीं. कॉफी, कोको, सिंकोना अशा कित्येक झाडांवर त्याची अळी जगते. अशी जात नव्या पिकावर सहज येऊं शकते, हें लक्षांत घ्यावें.

तिची वृद्धि होण्यास तीन कारणें एकत्र आलीं. पहिलें, रान कमी झालें व चहा वाढला. दुसरें, चहास वारंवार छाटून व खुडून कोंवळी पालवी आणिली जाते, त्यामुळें अळीस वर्षाचा बहुतेक काळ ताजें अन्न मिळूं लागलें व वर्षांत पिढ्यांवर पिढ्या होऊं लागल्या. तिसरें, औषधांच्या फवाऱ्यांनीं तिच्यावर जगणारे उपकारक कीटक मेले. आणि ज्या मळ्यांत फवारे फार झाले तेथील अळ्यांच्या अंगीं विष पचविण्याची शक्ति वाढल्याचें उत्तर बंगालमधील संशोधकांस आढळून आलें. ज्या औषधानें कीड जावयाची, त्यानेंच ती कणखर केली, असा हा प्रकार झाला.

मळेवाल्यांस अखेर तिच्या संवयींकडेच वळावें लागलें. मादी शेंकडों अंडीं सावलीच्या झाडांच्या सालीच्या फटींत घालते, म्हणून खोडें खरडून अंड्यांचे पुंजके काढूं लागले. पतंग सकाळीं खोडांवर स्वस्थ बसलेले असतात, तेव्हां ते वेंचूं लागले. अळी कोष करण्यास झुडपाच्या बुंध्यापाशीं मातींत उतरते, म्हणून ती माती उकरून कोष नाहींसे करूं लागले. तसेंच अळ्यांस होणारा एक विषाणूचा रोगही आढळला. रोगट अळी मऊ पडून डोकें खालीं करून लोंबते व तिच्यापासून रोग इतर अळ्यांत पसरतो.

६. आपण काय करावें

चहा आपल्याकडे होत नाहीं, परंतु बोध आपणांसही लागू आहे. एकच पीक दूरवर, बांध मोकळे आणि फवारा वारंवार, ही स्थिति आपल्या पुष्कळ गांवांत आली आहे. म्हणून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(अ) बांधावरील रानटी झाडावर मोजणारी अळी दिसली व लगतचें पीक निर्दोष असलें, तर तिला तेथेंच राहूं द्यावें. तिच्यावर जगणाऱ्या माशा व पक्षी तेथें पोसले जातात, व ते पिकावरील इतर अळ्यांसही खातात. मात्र कांहीं जाती अनेक झाडांवर जगतात, म्हणून आठवड्यांतून एकदां पिकाच्या कडेच्या ओळी पाहाव्या.

(आ) आंब्याच्या लहान कलमावर अळी असल्यास खालीं कापड पसरून फांदी हलवावी. धाग्यावर लोंबणाऱ्या अळ्या गोळा करून साबणाच्या पाण्यांत टाकाव्या.

(इ) कोष मातींत होत असल्यामुळें पावसाळा सरल्यावर आळीं उथळ चाळावीं. उघडे पडलेले कोष साळुंक्या व कोतवाल वेंचतात.

(ई) एवढ्यानें न भागल्यास पांच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यास ५ किलो निंबोळ्यांचा अर्क, संध्याकाळीं फवारावा. अळ्या लहान असतांनाच त्याचा गुण येतो. मोठ्या झालेल्या अळीवर फारसा येत नाहीं.

(उ) मऊ पडून लोंबणाऱ्या रोगट अळ्या आढळल्या तर फवारा थांबवून चार दिवस वाट पाहावी. पुष्कळदां रोगच आपलें काम करितो.

(ऊ) विषारी औषध घ्यावेंच लागलें तर तेंच तें पुन्हां पुन्हां वापरूं नये, व तें मोहोरावर मधमाशांच्या वेळीं कदापि मारूं नये.

रानांतील रहिवासी शेतांत येतो तो बहुधा त्याचें घर मोडलें म्हणून, किंवा आपण त्याच्यापुढें अखंड पंगत मांडिली म्हणून. बांधावरचीं चार झाडें तोडून मिळणारी चार गुंठे जमीन हिशेबांत जमेस दिसते. पण त्या झाडांवर पोसलेले राखणदार गेल्यावर औषधाच्या रूपानें होणारा खर्च त्याच खात्यावर पडतो, हें जमीनधारकांनीं विसरूं नये.