गिळण्याची गोष्ट (लेखांक ५) : पातळ म्हणजे सोपं नव्हे

मागच्या आठवड्यात आपण दात आणि लाळेपाशी थांबलो होतो. चावून झालेला घास आता घशाकडे निघालाय.

इथून पुढचं काम जेमतेम सेकंदभराचं. तेवढ्यात श्वास थांबतो, कंठमणी वर उचलला जातो, स्वरतंतू मिटतात, त्यांच्यावर झाकण पडतं आणि मागे अन्ननलिकेचं तोंड उघडतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, तो उचललेला कळेल. घशात हवा आणि अन्न यांची वाट एकच, म्हणून ही धावपळ.

यात सर्वांत अवघड पाणी. घास जीभ थोपवून धरते. पाणी थांबत नाही, झाकण पडायच्या आतच घशात उतरू शकतं. धडधाकट माणूस मान मागे टाकून तांब्यानं वरून पाणी पितो, कारण त्याचे स्नायू वेळ गाठतात. अंगावरून वारं गेलेल्या माणसाचे बऱ्याचदा गाठत नाहीत. आणि नेमकं त्यालाच आपण खाटेवर आडवं ठेवून, मायेनं, चमच्याचमच्यानं पाणी पाजतो.

आता आपलं सोलापुरी ताट पाहू. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे कडक भाकरीचा चुरा होतो आणि लाळ कमी असेल तर कण घशात विखुरतात. आमटीत कुस्करली की प्रश्न मिटला, असं वाटतं. भाकरी पुरती मुरून लगदा झाली तर ठीक. अर्धवट भिजली, तर तुकडा चावायचा आणि पातळ आमटी अडवून धरायची, अशी दोन कामं एकाच वेळी जिभेवर येतात. दुबळ्या घशासाठी ताटातली सर्वांत फसवी वाटी हीच, असं माझं मत.

त्यापेक्षा गुठळ्या नसलेली दाटसर आंबील बरी. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं आणि सावकाश सरकतं, घशाला सवड मिळते. फक्त उष्टा चमचा भांड्यात परत बुडवू नका. लाळेनं पिठूळ पदार्थ पातळ होतो. फार घट्टही नको, ते घशात चिकटून राहतं. दाटपणा मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत तर अगदी साधी आहे : ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिली भरून १० सेकंद वाहू द्यायचं आणि उरलेलं पाहायचं. ४ ते ८ मिली उरलं तर सौम्य घट्ट.

बसणं ताठ हवं. हनुवटी किंचित छातीकडे झुकवली की श्वासमार्गाचं तोंड अरुंद होतं. घशाची एक बाजू लुळी असेल तर मान त्याच बाजूला वळवतात, म्हणजे घास चांगल्या बाजूनं उतरतो. पण ह्या युक्त्या सरसकट सगळ्यांना चालत नाहीत. गरज पडली तर बेरियम मिसळलेला घास एक्स-रेखाली उतरताना पाहून स्पीच थेरपिस्ट आणि डॉक्टर त्या ठरवतात.

ठसका लागला नाही म्हणजे सगळं नीट, असंही समजू नका. काहींच्या छातीत अन्न बिनबोभाट उतरतं. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता येत असेल किंवा वारंवार ताप भरत असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि जेवण झाल्यावर किमान अर्धा तास तरी रुग्णाला आडवं करू नका.