थंड प्रदेशातील वाहनचालन आणि लहान रिमची निवड : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : रिम, हिवाळी टायर, भारांक, काळी माती, वाहन सुरक्षा

प्रस्तावना :
विदर्भातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली आज शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने कॅनडा, जर्मनी यांसारख्या देशांत राहतात. तेथील पहिल्याच हिवाळ्यात त्यांना मोटारीसाठी टायरचा दुसरा संच घ्यावा लागतो. एसयूव्ही असल्यास विक्रेता बहुधा मूळ रिमपेक्षा एक-दोन इंचांनी लहान रिम सुचवतो. हा सल्ला कितपत शास्त्रीय आहे, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि तोच विचार वर्ध्याच्या रस्त्यांना लागू पडतो काय, या तीन प्रश्नांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

हिवाळी टायरची आवश्यकता :
तापमान साधारणतः ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते व रस्त्यावरील पकड घटते. हिवाळी टायरचे रबर अशा थंडीतही मऊ राहते. म्हणूनच कॅनडातील क्युबेक प्रांताने २००८ पासून हिवाळी टायर बंधनकारक केले. तेथे आता १ डिसेंबर ते १५ मार्च असा कालावधी आहे. जर्मनीत २०१० पासून रस्त्याची स्थिती हिवाळी असेल तेव्हा असे टायर लागतात आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ पर्वत व हिमकण यांचे चिन्ह असलेले टायरच ग्राह्य धरले जातात. अर्थात पकड मुख्यतः रबर व नक्षी यांमुळे मिळते, रिमच्या आकारामुळे नव्हे, ही बाब आरंभीच स्पष्ट केली पाहिजे.

लहान रिमचे लाभ :
पहिला लाभ खर्चाचा. लहान रिमचे टायर सामान्यतः स्वस्त मिळतात. दुसरा लाभ टायरच्या बाजूच्या भिंतीचा. ही भिंत उंच असल्यास बर्फाखाली झाकलेल्या खड्ड्याचा आघात रबर शोषून घेते व रिम वाकण्याचा धोका कमी होतो. तिसरा लाभ रुंदीचा. हवेचा दाब तोच असल्यास टायरचे जमिनीशी असलेले संपर्कक्षेत्र जवळपास तेवढेच राहते. मात्र अरुंद टायरमध्ये ते लांबट होते. त्यामुळे टायरला समोरचा बर्फ कमी ढकलावा लागतो व तो खालच्या पक्क्या रस्त्यापर्यंत लवकर पोहोचतो.

गणिताची कसोटी :
रिम लहान केली तरी चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास कायम राहिला पाहिजे. उदाहरणार्थ, २३५/६० आर १८ या टायरमध्ये २३५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही त्या रुंदीच्या टक्केवारीत भिंतीची उंची व १८ हा इंचांतील रिमचा व्यास होय. भिंतीची उंची १४१ मिमी व चाकाचा एकूण व्यास सुमारे ७३९ मिमी येतो. त्याऐवजी २३५/६५ आर १७ घेतल्यास भिंत सुमारे १५३ मिमी व व्यास सुमारे ७३७ मिमी होतो. रिम एक इंचाने घटूनही व्यासात फक्त २ मिमींचा फरक पडला. हा फरक मोठा झाल्यास वेगमापक चुकीचा वेग दाखवतो. चारचाकी चालनाच्या वाहनात चारही चाके सारख्या व्यासाची नसतील तर यंत्रणेवर अनावश्यक ताण येतो.

निवडीतील मर्यादा :
एसयूव्हीच्या पुढील ब्रेकच्या चकत्या मोठ्या असतात. अतिशय लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासते. कित्येकदा ती बसतच नाही. म्हणून त्याच मॉडेलच्या खालच्या श्रेणीला कंपनीने कोणती रिम दिली आहे हे पाहावे. मात्र दोन्ही श्रेणींचे ब्रेक सारखे आहेत याची खात्री करून घ्यावी. बोल्टच्या छिद्रांचे वर्तुळ, मध्यछिद्र व ऑफसेट जुळणे आवश्यक आहे. टायरचा भारांक मूळ भारांकापेक्षा कमी नसावा. १०० हा अंक प्रतिटायर ८०० किलो, तर १०४ हा अंक ९०० किलो भार दर्शवतो. म्हणजे चार अंकांच्या फरकाने चार टायरांमिळून ४०० किलोंची क्षमता घटते. सामान व माणसांनी भरलेल्या वाहनात ही घट जिवावर बेतू शकते. पैसे वाचवण्यासाठी दोनच हिवाळी टायर बसवणेही घातक आहे. पुढची व मागची पकड असमान झाल्यास वळणावर वाहन फिरते.

वर्धा जिल्ह्याचा संदर्भ :
वर्ध्यात हिमवर्षाव नाही आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत हिवाळी टायरचे मऊ रबर झपाट्याने झिजते व ब्रेक लावल्यावर वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते. त्यामुळे हे टायर येथे सर्वथा अयोग्य ठरतात.

लहान रिमचा प्रश्न मात्र वेगळा आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. परिणामी तिच्यावरील रस्ते खचतात व खड्डे पडतात. अशा रस्त्यांवर उंच भिंतीचा टायर निश्चितच उपयुक्त आहे. परंतु अरुंद टायरचा लाभ येथे मिळत नाही. बर्फाखाली पक्का रस्ता असतो. पांदण रस्त्यावरील चिखलाखाली मात्र चिखलच असतो. तेथे अरुंद टायर अधिक रुततो. हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणाऱ्या जुन्या बंडीची लोखंडी धावही अरुंदच होती. ती कोरड्या दिवसांत चाले, पावसाळी शिवारात रुते. तिचे चाक सुलभ फिरे ते मोठ्या व्यासामुळे.

नागपूर-शिर्डी टप्प्यापासून ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झालेला समृद्धी महामार्गही या जिल्ह्यातून जातो. सतत वेगात हवा कमी असलेल्या टायरची भिंत वारंवार दुमडून तापते व टायर फुटू शकतो. म्हणून रिम कोणतीही असो, हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असावी लागते.

निष्कर्ष :
१. थंड प्रदेशात एक इंचाने लहान रिम, मूळ व्यास व भारांक राखून, ही किफायतशीर व सुरक्षित निवड आहे.
२. ब्रेकची जागा तपासल्याशिवाय रिम खरेदी करू नये.
३. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात उंच भिंतीचा विचार स्वीकारावा. हिवाळी रबर व अरुंद टायर स्वीकारू नयेत.
४. बाजारात मोठी रिम प्रतिष्ठेची मानली जाते. तथापि चाकाची निवड दिसण्यावरून नव्हे, तर रस्ता, हवामान व भार यांवरून व्हावी.