स्तनाग्रांना चिरा पडणे

स्तनाग्रांना चिरा पडणे ही स्तनपानाच्या पहिल्या आठवड्यात बाळंतिणींना वारंवार जाणवणारी तक्रार होय. तिचे मुख्य कारण कोरडी त्वचा नसून बाळाची सदोष पकड हे असते. बाळ केवळ स्तनाग्र चोखू लागल्यास ते जीभ व टाळू यांमध्ये चेपले जाते. भोवतीच्या काळसर वर्तुळाचाही बराचसा भाग तोंडात गेल्यास वेदना सहसा ओसरतात. पाजून झाल्यावर दुधाचेच थेंब लावून वाळू देतात, साबण टाळतात. दुखते म्हणून अंगावर पाजणे सोडण्याचा घरगुती सल्ला मात्र चुकीचा आहे; त्याने दूध साचून गाठी होतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतर ३ऱ्या व ७व्या दिवशी घरी येते. पकड तिला प्रत्यक्ष दाखवता येते. ताप, लाली किंवा पू असल्यास डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते.