हात कुठून सुरू करायचा

पहाटे साडेपाच

गुरुवार माझा लातूरचा. त्यामुळे नांदेडच्या पेशंटना सकाळी लवकर बोलावलेलं असतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण पायांचे: सुजलेले, जड पडलेले, शिरा फुगलेले. बॅगेत मापाची टेप, पट्ट्यांच्या गुंडाळ्या, दोन टॉवेल आणि करडईच्या तेलाची बाटली. करडई आपल्याच भागातली, घाण्यावर ताजं तेल मिळतं. लोकांची या बाटलीवर फार भिस्त असते. तेल आत मुरतं आणि रक्त पातळ करतं, असं कितीतरी जण मनापासून मानतात. तसं होत नाही. हात सरकावा, कातडी ओढली जाऊ नये, एवढंच तेलाचं काम. बाकीचं हाताने करायचं, आणि त्याहून जास्त पेशंटच्या स्वतःच्या पोटरीने.

सकाळी सात

पहिले येतात ते खानावळीतले आचारी. उभं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. डाव्या पोटरीवर निळ्या शिरांची वेटोळी, घोट्याजवळची कातडी काळपट तपकिरी. संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा पायात रुततो.

हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. ते पायापर्यंत पोचतं जोरात, पण परत वर यायचं तर चढ असतो. माणूस नुसता उभा असला तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास जातो. तोच माणूस चालू लागला की तो वीस-तीसवर उतरतो, कारण पोटरीचा स्नायू आवळतो आणि रक्त वर पिळून काढतो. शिरांमध्ये झडपा असतात, त्या ते खाली येऊ देत नाहीत. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणावरचं पुस्तक छापलं, त्यात हातावर पट्टी बांधून, शिर बोटाने दाबून या झडपांचं काम दाखवलं होतं. आचाऱ्यांना मी हार्वे सांगत नाही, विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व सांगते. तो गळका झाला की पाइपातलं पाणी परत विहिरीत जातं. हे त्यांना लगेच पटतं, गावाकडे त्यांची विहीर आहे.

पाय उशांवर उंच. तळहात सपाट ठेवून घोट्यापासून गुडघ्याकडे, सावकाश. फुगलेल्या गाठींवर दाब द्यायचा नाही, त्यांच्या कडेने जायचं. दहा मिनिटांत कातडी कोमट होते, पाय हलका वाटतो. तो हलकेपणा खरा असतो, पण ते पुन्हा भट्टीपुढे उभे राहिले की दुपारपर्यंत संपतो. म्हणून मालिशनंतर भिंतीला धरून टाचा उचलायच्या, आणि कामावर जाताना घट्ट मोजे.

"ताई, ते मोजे लई गरम व्हतेत. तुमी चोळूनच द्या."

मी मोजे चढवूनच त्यांना सोडते. गळक्या झडपा मालिशने बसत नाहीत, हे त्यांना दर वेळी सांगते. शिरांच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंय. चिठ्ठी अजून खिशातच आहे.

सकाळी नऊ

बाळंतिणीची मालिश करणाऱ्या एक मावशी आमच्या गल्लीत येतात. त्यांच्या हाताला मी मान देते. कंबर कुठे धरली आहे ते त्यांना बोट ठेवताक्षणी कळतं. आज त्या दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, जरा चला. पोरीचा एकच पाय सुजलाय. मी हात लावला नाई."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी त्यांचे हातच धरले. गेल्या वर्षभर आम्ही दोघी याच एका गोष्टीवर बोलत होतो.

सिझर होऊन बारा-तेरा दिवस झालेली मुलगी. खाटेखाली शेगडी, दारं बंद. पाणी मोजकं, कारण बाळंतिणीला जास्त पाणी देऊ नये अशी घरातली समजूत. उठणं-बसणं नाहीच. डावा पाय मांडीपासून ताणलेला, गरम, पोटरी दाबली की ती कळवळते. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली टेप लावली. दोन्ही पायांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त लवकर गोठण्याचे असतात. निसर्गाने ती सोय रक्तस्राव थांबावा म्हणून केली आहे. त्यात ऑपरेशन, पडून राहणं आणि कमी पाणी जमलं, की पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ती बऱ्याचदा डाव्या पायातच होते, कारण त्या बाजूची शिर ओटीपोटात धमनीखाली दबलेली असते. अशी पोटरी कोणी तेल लावून रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ज्या अभिसरणासाठी आपण चोळतो तेच तिला हृदयातून वाहून तिकडे नेतं, आणि माणूस मिनिटांत जाऊ शकतो.

सासूबाई तेल कोमट करून बसल्या होत्या. "चार दिवस चोळलं की उतरंल की, माय. आमाला बी सुजायचे पाय."

"आई, तुमचे दोन्ही सुजायचे ना? हिचा एकच आहे. आज तेल नको. आत्ता रिक्षा बोलवा."

डॉपलर सोनोग्राफीत शिर दाबून बघतात. मोकळी शिर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर मी माप लिहिलं, तारीख लिहिली. मावशी सोबत गेल्या.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा अध्याय आहे. रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि तळपाय विशेष चोळावेत, असं तिथे सांगितलंय, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण तिथेच कोणी अभ्यंग करू नये हेही आहे: कफाने ग्रासलेल्याने, नुकतं शोधन झालेल्याने, अजीर्ण असलेल्याने. वाग्भटाला गुठळी ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, पण मालिश सांगताना मनाईही सांगायची ही शिस्त त्याच्याकडे होती. दुकानांच्या पाट्यांवर 'रक्ताभिसरण सुधारते' एवढंच लिहिलेलं वाचते तेव्हा मला राग येतो. कोणाचं सुधारतं आणि कोणाचा जीव धोक्यात येतो, हे त्याच पाटीवर असायला हवं.

अकरा

लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. गाडीत बसल्या बसल्या मी घोटे फिरवत असते, शेजारच्यांनाही लावते. चाकूरच्या अलीकडे फोन आला: गुठळी निघाली, रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली.

दुपारी दोन, लातूर

एक निवृत्त गुरुजी. पन्नास पावलं चाललं की पोटरी पिळवटते, थांबलं की बरी. वीस वर्षांची साखर, चाळीस वर्षांची बिडी. पाय थंड, बोटांवरचे केस गेलेले, पावलावरची नाडी चाचपूनही लागत नाही. यांचं दुखणं परतीच्या वाटेचं नाही, जाण्याच्या वाटेचं आहे. धमनी अरुंद झाली आहे. बाहेरून चोळून ती रुंद होणार नाही. तळव्याला जाणीव नाही, म्हणून घरी गरम तेल किंवा शेकही नको. भाजलं तरी त्यांना कळायचं नाही. बिडी बंद, रोज ठरवून चालणं, आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जाणं. मी त्यांना मालिश केली नाही. गुरुजींना वाईट वाटलं, त्यांच्या सूनबाईंना माझं म्हणणं समजलं.

साडेतीन

तालमीत पाऊल टाकलं की ओल्या लाल मातीचा वास येतो. वस्तादांनी पोरांना जोर-बैठकांना लावलंय, दोघं हौदात धरून आहेत. हा जिल्हा रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचा. १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, पुढे रुस्तम-ए-हिंद झाले. त्यांचं नाव निघालं की इथली पोरं सरळ उभी राहतात. अंग रगडून देणं ही तालमीची जुनी रीत, थोरला धाकट्याला शिकवतो.

वस्ताद म्हणतात, "रगडलं की रक्त फिरतं आन् मेहनतीचं आम्ल निघून जातं."

हे अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर मी दर खेपेला बोलते. कॅनडात क्वीन्स विद्यापीठात २०१० साली मुठीच्या व्यायामानंतर मालिश करून मोजलं, तर जोराच्या दाबाखाली स्नायूचा रक्तप्रवाह उलट कमी झाला आणि लॅक्टिक आम्लाचा निचरा मंदावला. ते आम्ल शरीर तासाभरात स्वतःच निस्तरतं. मग रगडल्यावर बरं का वाटतं? २०१२ साली मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली, एकाच मांडीला दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश झालेल्या मांडीत दाह सुचवणारी लक्षणं कमी होती. लॅक्टिक आम्लात फरक नव्हता. शिकागोतल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतर पायाला मालिश केली आणि दंडातल्या धमनीचं माप घेतलं; ती धमनी जास्त चांगली फैलावत होती. म्हणजे हात पायावर आणि गुण दंडात. ही गोष्ट वस्तादांना फार आवडली. ते म्हणाले, आमच्या वस्तादांनाही हे सांगायला पाहिजे होतं.

एका पोराच्या मांडीला काल गुडघा बसलाय, निळं पडलंय. तिथे दोन-तीन दिवस रगडायचं नाही, आत रक्त साकळलेलं असतं. बर्फ आणि आराम. "माळेगावच्या यात्रेत कुस्ती हाय, ताई," तो म्हणतो. म्हणूनच, मी म्हणते.

संध्याकाळी सात, लोहा तालुक्यातलं गाव

नांदेड, लातूर, धाराशिव, सोलापूर हे जिल्हे राज्यातल्या हत्तीरोगाच्या यादीतले. क्युलेक्स डास चावतो, कृमींच्या अळ्या शरीरात शिरतात आणि मोठ्या झाल्या की लसिकावाहिन्यांत घर करतात. केशवाहिन्यांतून बाहेर झिरपलेलं पाणी गोळा करून पुन्हा रक्तात सोडायचं काम या वाहिन्यांचं. रोजचं दोन-तीन लिटर. त्या बिघडल्या की ते पाणी पायातच राहतं.

इथल्या आजींचा उजवा पाय घोट्यापाशी घडी पडण्याइतका सुजलेला. आधी विचारलं, "थंडी वाजून ताप आला होता का या महिन्यात?" नाही म्हणाल्या. ताप आणि लाली असती तर आज हात लावला नसता.

सून परात घेऊन येते. साबण, साधं पाणी, बोटांच्या बेचक्या एकेक करून धुवायच्या, टिपून कोरड्या करायच्या. जंतू बेचक्यांतल्या भेगांतूनच शिरतात आणि प्रत्येक तापागणिक सूज वाढत जाते. त्यामुळे आजींच्या पायाला मालिशपेक्षा हे धुणं महत्त्वाचं.

मग मालिश, आणि ती पायाला नाही. आधी गळ्याच्या बाजूला, मग पोटावर, मग जांघेत. वरची वाट मोकळी झाल्यावर मांडी, शेवटी पोटरी आणि पाऊल, आणि प्रत्येक वेळी हात वरच्या दिशेनेच. डेन्मार्कच्या एमिल वोडरने १९३६ साली पॅरिसमध्ये ही पद्धत मांडली. केरळात कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने तिला आयुर्वेद, योग आणि पट्ट्यांची जोड देऊन हत्तीरोगाच्या पेशंटसाठी घरच्या घरी करता येईल अशी रीत बसवली.

"ताई, दाब किती द्यायचा?" सून विचारते.

मी तिच्याच मनगटावर दाखवते. कातडी फक्त सरकली पाहिजे, खालचा स्नायू लागता कामा नये. ती दोनदा जास्त दाबते, तिसऱ्यांदा जमतं. आजी मात्र पाय आखडून घेतात. "तिला लागंल हे माजं. लेकुरवाळी हाय ती."

"आजी, हा रोग हाताने लागत नाही. डासाने पसरतो. तिला करू द्या."

पाऊल ते गुडघा पट्टी, खाली घट्ट, वर सैल. घोट्याचं माप भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेत लिहिलं. मागच्या महिन्यापेक्षा दीड सेंटिमीटर कमी.

रात्री साडेआठ

आरोग्य खात्याची माणसं रक्ताचे नमुने घ्यायला आली आहेत. रात्रीच यावं लागतं. या कृमींची पिल्लं दिवसा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री, डास चावायच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. दिवसा बोट टोचलं तर काचपट्टी स्वच्छ दिसू शकते.

आजींचा मुलगा शेतातून आलाय, बोट पुढे करायला तयार नाही. त्याचा पाय चांगला आहे, मग रक्त कशाला? पाय चांगला असतानाच रक्त बघायचं, मी सांगते. आईचा पायही एके काळी चांगलाच होता. हत्तीरोगाच्या मोहिमेतल्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या गेल्या खेपेला घेतल्या होत्या का, असं आरोग्यसेवक विचारतात. घेतल्या होत्या, पण फडताळात ठेवल्या, तो म्हणतो. सून उठून फडताळ उघडते आणि पुडी घेऊन येते. आरोग्यसेवक तारीख बघतात, जुनी पुडी ठेवून घेतात. मोहीम आली की गोळ्या जेवून झाल्यावर आपल्यासमोरच घ्यायच्या, असं बजावतात. मग तो बोट पुढे करतो. त्याच्यामागे सून, मग शेजारचे दोघं.